लाकडी वाडगा आतून कोरताना पाठ दुखते. लाकूड कातायच्या लेथचा हेडस्टॉक, म्हणजे काम धरून फिरवणारा भाग, कुठे ठेवावा?

हेडस्टॉकची जागा वाडग्याच्या आतल्या कापावरून ठरवा. काठापासून आत शिरताना गाउजचा (पन्हळी पटाशीचा) दांडा बेडच्या (लेथच्या आडव्या रुळांच्या) पलीकडच्या बाजूला न्यावा लागतो आणि मग हळूहळू अंगाकडे ओढावा लागतो. हेडस्टॉक डाव्या टोकाला असला की बेड आडवा येतो, तुम्ही त्याच्यावरून वाकता. पाठ तिथेच धरते.

बाहेरची बाजू नेहमीच्या जागीच काता, कारण ओबडधोबड ठोकळ्याला टेलस्टॉकचा (समोरच्या बाजूने दाबून धरणाऱ्या भागाचा) आधार लागतो. चकवर (जबड्यांच्या पकडीत) उलटा धरल्यावर मात्र टेलस्टॉक काढून घ्या. हेडस्टॉक सरकणारा असेल तर उजव्या टोकाकडे आणा, पण पार कडेला नको: बॅन्जोचा (हत्यार टेकवायचा आधार धरणाऱ्या भागाचा) पाय पक्का बसेल इतका, वीतभर तरी, बेड पुढे शिल्लक ठेवा. सरकवण्याआधी बेड पुसा. क्लॅम्पखाली एखादा छिलका राहिला तरी वाडगा थरथरतो, आणि आपण उगाच गाउजला धार लावत बसतो. आता बेडच्या टोकाशी ताठ उभं राहता येतं. अर्थात त्या बाजूला भिंत नसेल तरच.

जागेवरच वळवता येणारा हेडस्टॉक असेल तर ३० अंश बहुतेक वेळा पुरतात. ९० अंशांवर बॅन्जो पोचत नाही, त्याला लांबवणारा जोड-आर्म लावावा लागतो आणि तो जितका लांब तितका लवचीक. शिवाय बेडचा अडसर गेला की मोठा ठोकळा लावायचा मोह होतो. वजन पायांच्या बाहेर गेल्यावर हलकं लेथ कलंडू शकतं. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवा. व्यास (इंचात) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) ६००० ते ९००० मध्ये राहू द्या: १२ इंची वाडग्याला ५०० ते ७५०, असमतोल असेल तर त्याहूनही कमी. हेडस्टॉक परत सरळ केल्यावर जागा पक्की करणारी पिन खाचेत बसली तरी हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्हीकडे सेंटर (टोकदार खुंट्या) लावून टोकं भिडतात का ते पाहा.

हेडस्टॉक हलतच नसेल तर उंची तपासा. स्पिंडलचा (हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्याचा) मध्य कोपराच्या रेषेत किंवा चारपाच सेंटिमीटर वर हवा. माझ्या मते अर्धी पाठदुखी इथेच थांबते. लेथ उंच पडत असेल तर फळ्यांचा रुंद, न डुगडुगणारा चौथरा करा.

आणि हेडस्टॉक हलवल्यावर बंद करायचं बटण कुठे राहिलं ते बघा. वाडग्याच्या फिरण्याच्या रेषेत हात न घालता ते दाबता आलं पाहिजे.