बायोऑइलमधला ऑक्सिजन काढायचा कसा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लाकडाच्या भुशाचं तेल निघतं ना, मग ते डायरेक्ट डिझेलमध्ये का मिसळत नाहीत?

उत्तर: नावालाच तेल हो ते. भुसा हवा न लागू देता ५०० अंशांच्या आसपास झटक्यात तापवायचा आणि निघालेली वाफ दोनेक सेकंदांत थंड करायची, की काळपट, धुरकट वासाचं बायोऑइल मिळतं. त्यात १५ ते ३० टक्के पाणी, वजनाने ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन, वर पीएच २ ते ३, म्हणजे साधं लोखंड खाऊन टाकणार. डिझेलमध्ये ओतलं तर वेगळा थर धरतं आणि उष्णता निम्म्याहून कमी. सगळं दुखणं त्या ऑक्सिजनचं.

प्रश्न: क्रूडसारखं डिस्टिल केलं तर?

उत्तर: नका करू, तापवलं की आतलेच घटक एकमेकांना चिकटतात आणि ३५ ते ५० टक्के माल तळाला डांबर होऊन बसतो.

प्रश्न: ऑक्सिजन काढायला हायड्रोजन वापरावा की झिओलाइट (बारीक छिद्रांचा खनिज कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ)?

उत्तर: ऑक्सिजन फुकटात निघत नाही, एकतर हायड्रोजन घालवा नाहीतर कार्बन. हायड्रोजनने तो पाणी होऊन जातो, कार्बन बराच वाचतो, पण ३०० ते ४०० अंश आणि ७० ते २०० बार प्रेशर लागतं. झिओलाइट साध्या प्रेशरला चालतो, पण ऑक्सिजन जाताना कार्बन मोनॉक्साइड, डायऑक्साइड बनून कार्बनही घेऊन जातो, शिवाय त्यावर कोक, म्हणजे कोळशासारखा थर, साचतो तो सारखा जाळत बसा. मी हायड्रोजनच म्हणेन, फक्त तो नॅचरल गॅसपासून केलेला असेल तर इंधन किती हिरवं राहिलं तेही मोजा.

प्रश्न: लॅबमध्ये ॲल्युमिनावरचा सल्फाइड केलेला (सल्फर चढवलेला) कोबाल्ट-मॉलिब्डेनम कॅटॅलिस्ट घेतला, ३५० अंशांना तेल सोडलं, काही तासांत बंद पडला. काय चुकलं?

उत्तर: घाई! आधी १५० ते २५० अंशांना, रुथेनियमसारख्या कॅटॅलिस्टवर, हायड्रोजन देऊन तेल शांत करून घ्यायचं, म्हणजे आतले घटक एकमेकांना चिकटत नाहीत, मग वरच्या तापमानाला न्यायचं. आता रिॲक्टर उघडून बघा, वरचा थर डांबराने जाम झालेला असेल तर हेच कारण. थर मोकळा आहे पण कॅटॅलिस्ट काम करत नाही, तर सल्फर निघून गेलाय का तपासा, कारण बायोऑइलमध्ये सल्फर जवळपास नसतोच, फीडमध्ये, म्हणजे आत सोडायच्या तेलात, थोडा घालावा लागतो. आणि ॲल्युमिना, म्हणजे ज्यावर कॅटॅलिस्ट बसवलाय तो सपोर्ट, गरम पाण्यात टिकत नाही, पुढच्या वेळी कार्बनचा सपोर्ट घ्या. तेल किती जुनं होतं ते लिहिलं नाहीत, ठेवून ठेवून ते आपोआपच घट्ट होत जातं.