सेकंड इयरला आहे, गणित चांगलं आहे पण पायथॉन जेमतेम येतं, सिमपायमध्ये (चिन्हांनी गणित करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीत) कोड कॉन्ट्रिब्यूट करता येईल का?

हो, नक्की येईल, कारण सिमपाय पूर्ण पायथॉनमध्येच लिहिलंय, सी प्लस प्लस वगैरे लागत नाही, आणि गिटहबवर 'ईझी टू फिक्स' लेबलचे इश्यू (दुरुस्त करायच्या गोष्टींच्या नोंदी) नवख्यांसाठीच वेगळे काढलेले असतात. मी स्वतः तिथे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) दिलेत म्हणून सांगतो, खरी कसोटी कोडची नाही, गणित काटेकोर लावण्याची असते. उदा. एक्स स्क्वेअरचं वर्गमूळ काढलं की सिमपाय नुसतं एक्स देत नाही, आहे तसंच ठेवतं, आणि पुष्कळांना तो बग वाटतो. पण एक्स उणे किंवा कॉम्प्लेक्सही असू शकतो ना, सिम्बॉल बनवतानाच पॉझिटिव्ह सांगितलं की बरोबर एक्स येतं. ही अझम्पशन्सची (सिम्बॉलबद्दल आधीच धरून चालायच्या गोष्टींची) भानगड आधी नीट समजून घ्या, मग फिक्ससोबत टेस्टही लिहा (नसेल तर रिव्ह्यूवाले हमखास मागतात) आणि पहिल्याच पुल रिक्वेस्टला (आपला बदल मूळ कोडात घ्या, या विनंतीला) मेलमॅप या कोड लिहिणाऱ्यांच्या नाव-ईमेलच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव टाका, नाहीतर आपोआप होणारा चेक लाल, म्हणजे नापास होतो. फक्त एक, गूगल समर ऑफ कोडसाठी (ओपन सोर्समध्ये नवख्यांना मानधन देऊन काम देणाऱ्या गूगलच्या कार्यक्रमासाठी) येणार असाल तर ऐनवेळी येऊ नका, तिथे निदान एक पॅच मर्ज झालेला (मूळ कोडात घेतलेला) लागतो आणि रिव्ह्यू करणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यामुळे कधीकधी उत्तर यायलाच आठवडे जातात.