पहिल्या हिवाळ्यात भट्टीत काय घालणार?

तुम्ही विचारलंय की परदेशात जे घर घेताय, त्याचा बॉयलर घराबाहेर, आवारात आहे. तिथे तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात फिरतं. विकणारा म्हणतो, ‘मागे झाडी आहे, इंधन फुकट.’ तुम्ही पोहोचणार थंडीच्या तोंडावर. मग लाकूड, पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेले दाणे), तेल की गॅस?

मी इकडे आल्यापासून अशाच भट्टीवर घर तापवतेय, म्हणून स्पष्टच सांगते. पहिल्या हिवाळ्यापुरती ती झाडी हिशेबातच धरू नका. आज तोडलेलं झाड या वर्षीचं सरपण नव्हे. ताज्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि भट्टीला हवं वीस टक्क्यांच्या आतलं. फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचलं तरी बहुतेक जातींना निदान एक उन्हाळा लागतो. ओकला तर दोन वर्षं धरा.

फरक किती पडतो ते बघा. वीस टक्के ओलाव्याचं एक किलो लाकूड साधारण चार युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं, निम्मं पाणी असलेलं जेमतेम सव्वादोन. कडाक्याच्या दिवशी घराला २०० युनिट लागली आणि जुन्या भट्टीत निम्मी उष्णता धुराड्यातून गेली असं धरलं, तर कोरडं लाकूड १०० किलो लागेल, ओलं १८०च्या आसपास. तेही बर्फातून ओढून आणायचं. शिवाय ओल्या लाकडाने आग थंड पडते, धूर जमिनीलगत पसरतो, शेजारी वैतागतात आणि आत डांबरासारखी चिकट काजळी धरते. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात खरं, पण इथे ओल्यापायी सुक्याचीही आच जाते.

कुणी ‘वाळलेलं’ म्हणून विकत असेल तर ओलावा मोजायचं छोटं यंत्र सोबत न्या. मात्र ओंडक्याच्या टोकाला लावू नका, तिथे नेहमीच कोरडं दाखवतं. त्याला तुमच्यासमोर एक ओंडका फोडायला सांगा आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर सुया टोचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटूनही अंदाज येतो: सुके टणटण वाजतात, ओले थपकन. पाइन जाळू नका असं जो तो सांगेल. मला ते पटत नाही. काजळी धरते ती ओलाव्याने आणि कोंडलेल्या, मंद आगीने. वाळलेलं पाइन छान जळतं, फक्त हलकं असल्याने भट्टी पुन्हा पुन्हा भरावी लागते.

रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, रसायन मुरवलेलं लाकूड, प्लास्टिक काहीही आत टाकायचं नाही. जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिकही असू शकतं, ते राखेत उरतं.

पेलेट मला आवडतात. ओलावा दहा टक्क्यांच्या आत, किलोला पावणेपाच युनिटच्या आसपास, राख थोडी. पण साध्या लाकडाच्या भट्टीत ते ओतून चालत नाही. त्यासाठी वेगळा बर्नर आणि दाणे आत ढकलणारा स्क्रू लागतो. गोणीत पाणी शिरलं की दाण्यांचा भुसा होतो. कोळशाचंही तसंच: खालून हवा देणारी जाळी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तेल किंवा गॅस घेणार असाल तर टाकीही बाहेरच असणार, म्हणून एवढं बघाच. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली गेलं की वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. तेव्हा बाहेरच्या टाकीत प्रोपेनच हवं. डिझेलच्या जातीचं तेल कडाक्यात मेणासारखं गोठू लागतं आणि फिल्टर तुंबतो. त्याची हिवाळी प्रत मिळते, काही बर्नरना केरोसीन चालतं. कोणतं, ते बर्नरच्या पुस्तिकेत पाहा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष तेल किंवा प्रोपेनवर काढलं असतं, भट्टीत तशी सोय असेल तर. आणि पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या हिवाळ्याचं लाकूड फोडून रचलं असतं. भट्टी फक्त लाकडाचीच असेल तर मोजून घेतलेलं कोरडं लाकूड घर ताब्यात येण्याआधीच नोंदवून ठेवा; थंडी सुरू झाली की चांगला माल उरत नाही. इंधन कुठलंही असो, पाणी फिरवणारा पंप विजेवर चालतो. वादळात वीज गेली तर काय, हे विकणाऱ्याला विचारा. पाइपातल्या पाण्यात गोठणरोधक आहे का, तेही.

सौदा पक्का करण्याआधी भट्टीवरच्या पाटीचा आणि दाराच्या आतल्या बाजूचा फोटो मागवा. पाटीवर कोणतं इंधन चालतं ते लिहिलेलं असतं, आणि दाराला काळं डांबर ओघळलेलं दिसलं तर आधीच्या मालकाने काय जाळलंय ते कळेलच. फोटो आले की इथेच टाका, बघून सांगते.