तालमीला नऊ लाख, आणि घरच्या कर्त्याला विमा नाही

करवीर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५१, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कायम कामगार. हातात येणारा पगार ४२ हजार, शिवाय एक एकर ऊस आणि दोन म्हशी. मुलगा १९ वर्षांचा. बारावीनंतर शिक्षण थांबलंय, चार वर्षं कोल्हापुरातल्या तालमीत राहून मेहनत करतोय. त्याच्या खुराकाला महिन्याला १४ हजार लागतात.

गावची जुनी तालीम २०१९ च्या पुरात पडली. ती आजोबांच्या नावानं पुन्हा उभी करायची, निम्म्या जागेत मातीचा हौदा आणि निम्म्या जागेत मॅट, असं त्यांच्या मनात आहे. खर्च १२ लाख. त्यातले तीन लाख गाव देणार, नऊ लाख हे घालणार. पतसंस्थेतली चार लाखांची ठेव मोडून आणि घर तारण ठेवून पाच लाखांचं कर्ज काढून. ते लिहितात, ‘चाळीस पोरं आली आणि पोरामागं हजार रुपये धरले, तर पाच वर्षांत पैसे सुटतात. खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं म्हणून खाशाबांचं पदक आलं. फक्त मातीतली कुस्ती टिकणार का, एवढं सांगा.’ आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ: ‘विम्याची काळजी नाही. मुलाच्या नावावर दोन पॉलिसी आहेत, वर्षाला ९६ हजार हप्ता, चार भरून झाले.’

दादा, तालमीचं नंतर बोलू. आधी ही शेवटची ओळ.

तुम्ही पाठवलेले पॉलिसीचे फोटो नीट पाहिले. दोन्हींवर ‘विमाधारक’ या रकान्यात मुलाचं नाव आहे. प्रत्येकी आठ लाखांचा विमा, मुदत २० वर्षं. हप्ता माफीचा, म्हणजे भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ होण्याचा, रकाना दोन्हीकडे कोरा. याचा अर्थ असा की ज्याच्या कमाईवर घर चालत नाही त्या १९ वर्षांच्या पोराचा १६ लाखांचा विमा आहे, आणि ज्याच्या पगारावर चूल, खुराक आणि हे हप्ते चालतात त्या तुमचा एक रुपयाचाही नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून घरी काही येणार नाही, उलट पुढचा हप्ता भरायला पैसे नसतील. पीएफसोबत कंपनीकडून विमा असतो तो जास्तीत जास्त सात लाखांचा, तोही नोकरीत असेपर्यंतच.

मुदतीचा हिशेब तर तुम्हाला कुणी सांगितलेलाच दिसत नाही. पॉलिसी घेतली तेव्हा तुम्ही ४७ चे होता. वीस वर्षं म्हणजे ६७. फाउंड्रीतून तुम्ही ५८ ला बाहेर पडणार. पगार थांबल्यावरही नऊ वर्षं, दर वर्षी ९६ हजार कुठून भरणार होता? विकणारा तुमच्या नात्यातला आहे आणि ‘पैलवानाच्या भविष्याची सोय’ असं सांगून त्यानं ती गळ्यात मारली, असं तुम्हीच लिहिलंय. त्याला तुमचं वय माहीत होतं, निवृत्तीचं वर्षही माहीत होतं. मला याचा राग येतो, आणि तुम्हालाही यायला हवा.

त्यानं कागदावर ४० लाख लिहून दिलेत. तसे मिळायला साडेसहा टक्क्यांच्या वर परतावा लागेल. अशा पारंपरिक पॉलिसीत पाच टक्के पडले तरी पुष्कळ, म्हणजे ३३ लाखांच्या आसपास. सोळा वर्षांनी मिळणाऱ्या त्या ३३ लाखांची किंमत, महागाई सहा टक्के धरली तर, आजच्या १३ लाखांएवढी.

आजवर तुमचे ३ लाख ८४ हजार गेलेत. चौथ्या वर्षानंतर पॉलिसी बंद केली तर साधारण निम्मे, म्हणजे दोन लाखांच्या जवळपास परत मिळतील. एवढा तोटा का सोसायचा, असं वाटणं साहजिक आहे. पण तेच दोन लाख आणि पुढचे सोळा हप्ते पीपीएफच्या ७.१ टक्क्यांनी वाढले तर सोळा वर्षांनी ३५ लाख होतात. दोन लाखांवर पाणी सोडूनही तुम्ही मागे पडत नाही. शाखेत जा, ‘आज बंद केली तर किती’ आणि ‘पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती’ हे दोन्ही आकडे शिक्क्यासह लेखी घ्या. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका, नातेवाइकाच्या तर नाहीच.

त्याआधी मात्र तुमच्या स्वतःच्या नावानं ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, साठीपर्यंतचा. तंबाखू-विडी नसेल तर वर्षाला २५ ते ३५ हजारांत बसावा. असेल तर तसं फॉर्मवर लिहा, हप्ता वाढला तरी चालेल, लपवाल तर वेळेला दावा नाकारतील. दुसरं, तिघांचा आरोग्य विमा. तुमचा पगार २१ हजारांच्या वर, म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात, पण ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं. पैलवानाचा गुडघा त्या यादीकडे बघून निखळत नाही. लिगामेंटचं ऑपरेशन खासगीत दीड-दोन लाखांवर जातं आणि त्यानंतर सहा-आठ महिने पोरगा आखाड्याबाहेर. विम्याच्या फॉर्मवर मुलगा कुस्ती खेळतो हे स्पष्ट लिहा आणि सरावातली दुखापत धरली जाते का, हे लेखी विचारा. दोन्ही विमे मिळून वर्षाला साठेक हजार होतील. ९६ हजारांतून ते भागतात आणि वर महिन्याला तीन हजार शिल्लक राहतात. नव्या पॉलिसी हातात आल्यावरच जुन्या बंद करायच्या, हा क्रम उलटा करू नका.

पतसंस्थेतल्या चार लाखांबद्दल एकच सांगतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विम्याचं संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. ठेव मुदत संपताच बँकेत आणा. घरात अडीअडचणीचा पैसा तेवढाच आहे, त्याला तालमीसाठी हात लावायचा नाही.

आता तालीम. नऊ लाख पाच वर्षांत सुटायचे तर व्याज बाजूला ठेवूनही महिन्याला निव्वळ १५ हजार उरायला हवेत. तुमची चाळीस पोरं कागदावर आहेत. गावात पहाटे पाचला उठून जोर-बैठका मारायला वीस पोरं नेमानं आली तरी मी गाव नशीबवान म्हणेन, आणि त्यांच्या घरून पाचशेच्या वर मिळणार नाहीत. म्हणजे दहा हजार. वस्तादांना पंधरा द्यावे लागतील. लाईट, पाणी, डागडुजी आणि हौद्याची माती जिवंत ठेवायची तर हळद, तेल, ताक, लिंबू यांचा खर्च, पाच हजार धरा. महिन्याला दहा हजारांची तूट. घरावरच्या कर्जाचा हप्ता ११ हजार, खुराक १४, पॉलिसी ८. बेरीज ४३ हजार, पगार ४२. घर चालायचं कशावर? उसाचे खर्च वजा जाता वर्षाला साठ-सत्तर हजार आणि म्हशीचं दूध. तेही पोराला लागतंच.

खर्डेकर सरांचं उदाहरण तुम्ही मनापासून दिलंय, म्हणून त्याचा हिशेबही मनापासून करू. खाशाबा जाधवांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले ते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी. खाशाबा तेव्हा होतकरू पोर नव्हते, १९४८ ला लंडनमध्ये सहावे आलेले मल्ल होते. रक्कम ठरलेली आणि एका प्रवासापुरती. तुम्ही मागताय तो पाच वर्षांत सुटणारा धंदा, आणि त्याला दर महिन्याला पैसा लागणार. पदक आणल्यावरही खाशाबांचं घर चाललं ते १९५५ ला मिळालेल्या पोलीस खात्यातल्या नोकरीवर. त्यांच्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, तेही आपल्याच राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत, आणि त्याच्याही पाठीशी रेल्वेची नोकरी होती.

मातीतली कुस्ती टिकेल का? टिकेल, असं मला वाटतं, पण ज्या घरात पैलवान आहे त्या घरानं एकट्यानं ती पोसायची ही रीत टिकणार नाही. शाहू महाराजांनी १९१२ ला कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान उभं केलं तेव्हा मल्लाचा खुराक दरबारातून यायचा. राजाश्रय संपला तरी गावांनी वर्गणी काढून जत्रेची मैदानं चालवली, नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून लाखाच्या इनामापर्यंत. पण ते लाख वरच्या मोजक्या मल्लांना मिळतात. करोनात दोन हंगाम मैदानं बंद राहिली तेव्हा बाकीच्यांचे काय हाल झाले ते तुमच्या मुलाच्या तालमीतही पाहिलं असेल. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं आजही पोरं खेचतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींची नावं मात्र शहरात आता जास्त ऐकू येतात ती शाहू स्टेडियमवर, फुटबॉलच्या हंगामात. तालमी राहिल्या, त्यातला खेळ बदलला. महाराष्ट्र केसरीत माती विभाग अजून आहे, तरी शेवटची लढत गादीवर, म्हणजे मॅटवर होते. मातीनं ताकद आणि दम येतो, तो मॅटवरच्या सहा मिनिटांत कामाला येतो. म्हणून दोन्ही ठेवायचा तुमचा विचार बरोबर आहे, फक्त पैसा तुमच्या घराचा नको.

तालीम गावाची करा. संस्था नोंदवा, ग्रामपंचायतीकडून जागेचा ठराव घ्या, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे व्यायामशाळा विकास योजनेतून अनुदानाचा अर्ज टाका. पहिल्या वर्षी फक्त पत्र्याचं छप्पर आणि हौदा, मॅट नंतर. पॉलिसी बंद करून जे दोन लाख येतील त्यातले पन्नास हजार आजोबांच्या नावानं देणगी म्हणून द्या, ते परत येणार नाहीत हे धरून. त्याहून जास्त नाही, आणि कर्ज तर एक रुपयाचंही नाही.

खुराक तोडा असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलंय की मुलाला जत्रेच्या मैदानांतून वर्षाला साठ-सत्तर हजार मिळतात आणि राज्य स्पर्धेत दोनदा उतरून पदक नाही. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण जत्रेतल्या इनामावर मिळत नाही, त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेतलं यश आणि त्याची पडताळणी लागते. या जूनमध्ये त्याचा बी.ए.ला प्रवेश घ्या. विद्यापीठाच्या संघातून उतरला तर आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं आणि पदवीही हाती येते. मॅटचा सराव आठवड्यातून निदान चार दिवस हवा, हे वस्तादांशी स्वतः बोला. खुराकाचा निम्मा भार त्याच्या इनामातून उचलायला त्याला सांगा, १९ वर्षांच्या पोराला ते समजतं. दोन वर्षांनी पुन्हा हिशेब मांडू.

पॉलिसीचा पुढचा हप्ता कधी आहे ते पत्रात नाही. तो भरण्याआधी शाखेतले दोन्ही आकडे घ्या आणि मला कळवा.