उत्पत्तीचे दोन अध्याय एका तक्त्यात बसवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझा जुना प्रबंध आठवला. तुम्ही लिहिलंय की बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात जगाच्या निर्मितीची कथा येते, तिच्या पहिल्या अध्यायात आधी जनावरं, मग माणूस; दुसऱ्यात आधी माणूस, मग जनावरं. म्हणून निबंधासाठी दोन्हींचा मिळून निर्मितीच्या सहा दिवसांचा एकच तक्ता करताय आणि एदेन बाग कुठल्या दिवसात घालायची तिथे अडलाय. मीसुद्धा नेमकी तिथेच अडले होते.

आधीच सांगते, मी हिब्रूची पंडित नाही. दोन वर्षं शिकले, अजूनही कोश उघडून वाचते. कुणाच्या श्रद्धेबद्दलही मला काही म्हणायचं नाही.

माझी चूक एका 'होते'ची. मी एका लोकप्रिय इंग्रजी भाषांतरावर विसंबले होते. त्यात 2:19 चा (दुसऱ्या अध्यायातल्या एकोणिसाव्या वचनाचा) अर्थ असा निघतो: देवाने पशू मातीतून घडवले होते, ते त्याने माणसाकडे आणले. म्हणजे पशू आधीचेच, भांडण मिटलं! त्या एका ओळीवर मी आठ महिन्यांचं प्रकरण उभं केलं. परीक्षकांनी समासात एवढंच लिहिलं: 'मूळ क्रियापद पाहिलंत का?' पाहिलं नव्हतं.

मूळ हिब्रूत तिथे 'वय्यीत्सेर' आहे, 'मग घडवले'. 2:7 मध्ये माणूस घडवतानाही हेच रूप आहे. उलट 2:8 मध्ये 'ज्याला घडवले होते तो माणूस' असं म्हणायचं आहे, तिथे रचना वेगळी आहे. म्हणजे मागची गोष्ट मागची म्हणून सांगणं लिहिणाऱ्याला येत होतं. काही व्याकरणकार म्हणतात की 2:19 मध्येही 'होते' चालू शकतं. मला ते पटत नाही. तक्ता जुळवायचा नसता तर ते कुणाला सुचलंही नसतं. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरातही साधा भूतकाळच आहे.

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा एका ग्रंथालयात जुनं मराठी बायबल मागितलं. 'विषय धार्मिक आहे, विभागाचं पत्र आणा.' पत्र आणलं, तर 'यावर शिक्का नाही.' चार खेपा झाल्या. तो राग अजून गेलेला नाही, पण असो.

खरं तर फरक मराठीतही दिसतो. पहिल्या अध्यायात नुसता 'देव' आहे, 2:4 पासून 'परमेश्वर देव'. नावांच्या या फरकावरून ज्यां आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने 1753 मध्ये उत्पत्तीमागे वेगवेगळे लिखित आधार असावेत असं मांडलं. आणि भोवतालचं जगच वेगळं आहे. एकीकडे अथांग पाणी, ते दुभागल्यावर कोरडी जमीन वर येते. दुसरीकडे पाऊसच पडलेला नाही, जमीन कसायला माणूस नाही. पहिल्यात देव बोलतो आणि होतं. दुसऱ्यात कुंभाराच्या कामाचं क्रियापद येतं, 'अदामा'पासून 'आदाम', मातीपासून माणूस. पहिल्यात नर-नारी एकदमच. दुसऱ्यात स्त्री नंतर. तिथला 'त्सेला' हा शब्द बायबलच्याच 'निर्गम' पुस्तकात (अध्याय 26) निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, बाजूसाठी आलाय, म्हणून 'बरगडी'वर फार भिस्त ठेवू नका. आदाम आधी दोन तोंडांचा होता, मग तो मधोमध कापला, अशीही रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंची, एक जुनी व्याख्या आहे.

अध्यायांचे आकडे मूळचे नाहीत, ते तेराव्या शतकात आले. पहिली कथा 2:3 ला, सातव्या दिवसाच्या विसाव्यावर संपते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे तिथल्या यहुद्यांना, 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. त्या बंद घाण्यामागे ही पहिली कथा आहे.

परंपरा दोन्ही जोडतेच, हे मान्य. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी दुसऱ्या कथेला पहिलीचा तपशील म्हणतो. पण तोच 1:1 वर लिहितो की हे वचन निर्मितीचा क्रम शिकवायला आलेलं नाही, कारण पाणी कधी निर्माण झालं ते अजून सांगितलेलंच नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) घटस्फोटाच्या प्रश्नावर येशू 1:27 आणि 2:24 लागोपाठ उद्धृत करतो. त्याने दोन्ही कथा घेतल्या, वेळापत्रक कुठेच केलं नाही. तुमच्या निबंधाचा कणा मी तरी हाच करीन. योहानाच्या शुभवर्तमानातलं 'प्रारंभी शब्द होता' त्यानंतर घ्या, आधी नको.

पंडिता रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर मिळालं तर जवळ ठेवा. ते केडगावला, थेट हिब्रू-ग्रीकवरून झालंय.

आता तक्ता मिटवा, तुमच्या हातातल्या प्रतीत 2:19 काढा आणि 'घडवले' आहे की 'घडवले होते' ते इथे लिहा. भाषांतर कुठलं, तेही सांगा. मग पुढचं बोलू.