शून्य लिही

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी दिसतच नाही, म्हणून तुझे गाईड सर म्हणतात संशोधनाचा विषय बदल, उजनीचे फ्लेमिंगो घे. घे की. ढिगाने दिसतात, फोटो झकास येतात. पण माळ हवा असेल तर शून्य लिहायला शीक.

तारीख, गट नंबर, वारा, कुसळी गवत गुडघ्याएवढं, मेंढरं आहेत, मोकाट कुत्री तीन, माळढोक शून्य. असं पान रोज भरायचं. काही दिसलं नाही म्हणून कोरी सोडलेली पानं मला बघवत नाहीत. पक्षी कुठल्या तुकड्यातून कधी उठला, हे त्याच पानांवरून कळणार असतं.

१९७९ला माळढोकचं अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, सगळं त्यात. लोक वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पुढे ते १,२२२च्या आसपास आणलं. भोवती आता द्राक्षबागा, ऊस, विजेच्या तारा. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा माळाला पडीक म्हणून बसभर पोरं गिरीपुष्पाची झाडं लावायला निघाली, तर तू त्यात जाऊ नकोस. टोपी फुकट मिळाली तरी!

माझ्या बरोबरीचे विभागप्रमुख झाले. मी माळावरच राहिलो. घरचे विचारायचे, दगडं मोजतोस का? पण खोकडाची बिळं कुठून कुठे सरकली, हे विचारायला लोक माझ्याच दारात येतात, त्यांच्या नाही. (झोंबलं तर झोंबू दे.) सलतं ते वेगळंच. नर पावसाळ्यात कुठे नाचायचा ती जागा बोटाने दाखवणारे म्हातारे धनगर गेले, आणि त्यांचं बोलणं टेप करायला तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. तुझ्या खिशात फोन आहे ना? मग बस की त्यांच्या पोरांजवळ.

सरांना सांग, विषय तोच, प्रश्न बदलते. माळढोक किती, हे सोड. त्याची जागा आज कशी आहे ते बघ. गवताची उंची, शाळूची धसकटं, कुत्री, तारा. काळवीट, लांडगा, धाविक पक्षी आपोआप येतील. आणि शून्य आलं तर शून्य, किती वेळा सांगू?

सर ऐकेनात तर मी बोलतो त्यांच्याशी. आधी रविवारचं पान पाठव. मेसेजमध्ये रविवार कुठेच नाही.

तुझा,
काका