'जस्टिस लीग डार्क : अपोकोलिप्स वॉर' कार्टूनच आहे ना, मग नऊ वर्षांच्या मुलीला दाखवायला काय हरकत आहे?

मुलीला सुपरमॅन आवडतो, म्हणून सुट्टीत घरच्यांनी मिळून हा सिनेमा बघायचं ठरवलंय, असं तुम्ही लिहिलंय. नका दाखवू. आत्ता तरी नकोच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा भाचा आमच्याकडे पंचवटीत राहायला आला होता, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पोस्टर बघून मीही कार्टूनच समजले आणि लावून दिला. सुरुवातीलाच सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे सुपरहिरोंची सगळी टीम डार्कसाइड या खलनायकाच्या ग्रहावर चाल करून जाते आणि हरते. मग एकदम दोन वर्षांनंतरची उजाड पृथ्वी दिसते. सुपरमॅनच्या छातीवर त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट गोंदून त्याची शक्ती काढून घेतलेली असते. भाच्याच्या दप्तरावर ज्यांची चित्रं होती, त्यांच्या शरीराचे तुकडे होताना दिसत होते. तो रडला असता तर मी लगेच बंद केला असता, पण तो नुसता गप्प बसून राहिला. मग मीच बंद केला. रात्री अंथरुणात त्याने विचारलं, "आत्या, आता वाचवायला कोण येणार?"

या सिनेमाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र आहे. म्हणजे तिथल्या थिएटरात १७ वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय सोडत नाहीत. आपल्याकडेही २०२१च्या नियमांपासून ओटीटीवर सुरुवातीला ७+, १३+, १६+ किंवा 'ए' अशी खूण येते. चित्रं कशी दिसतात त्यापेक्षा ती खूण बघा.

"आपल्या पुराणांत काय कमी मारामारी आहे?" असं आमच्या घरीही कुणी तरी म्हणालं. खरं आहे. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून आपल्या गावाचं नाव नाशिक, ही गोष्ट आईने याच भाच्याला तो पाच वर्षांचा असताना सांगितली होती. त्याला भीती वाटली नाही, उलट पुन्हा सांग म्हणून मागे लागला. गोष्ट ऐकताना मूल झेपेल तेवढंच चित्र मनात काढतं. पडद्यावर मात्र सगळं आधीच काढून, रंगवून ठेवलेलं असतं. त्यातलं काही कमी करणं मुलाच्या हातात नसतं.

सिनेमा वाईट आहे असं मात्र समजू नका. मी तो नंतर एकटीने पूर्ण बघितला आणि मला फार आवडला. मोठ्यांसाठी तो नुसता रक्तामुळे नाही. लढाईतून पळून आल्याची सल घेऊन दारूत बुडालेला जादूगार कॉन्स्टन्टिन, आपल्या राक्षस बापाला स्वतःच्या आत कोंडून ठेवणारी रेवन, डार्कसाइडच्या ताब्यात गेलेल्या बापासमोर उभा राहणारा बॅटमॅनचा मुलगा डेमियन. हे ओझं नऊ वर्षांच्या पोरीला कळणार कसं? शिवाय २०१३च्या 'फ्लॅशपॉइंट पॅरडॉक्स'पासून सुरू झालेल्या मालिकेचा हा २०२०मधला शेवट आहे. आधीचे बघितले नसतील तर एकेकाच्या मरण्याने काहीच वाटत नाही, दिसतं ते नुसतं रक्त. मुलगी पंधरा-सोळाची झाली की 'फ्लॅशपॉइंट'पासून सुरू करा, मग २०१४चा 'जस्टिस लीग : वॉर', असं क्रमाने या.

या सुट्टीत 'द इन्क्रेडिबल्स' किंवा 'बिग हिरो ६' लावा. टीम त्यांतही आहे.

आणि तिने आधीच थोडा बघितला असेल, तर विषय टाळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला रामकुंडावर घेऊन गेले आणि पायऱ्यांवर बसून पुढची सगळी गोष्ट तोंडी सांगितली, शेवटासकट. कोण येतं, कोण धावतं, सगळं. त्याने दोनदा सांगायला लावली.